झेंड्यावरची पेलिकन

फार पूर्वी एका कॅथलिक शाळेच्या झेंड्यावर रंगीत दोऱ्यांनी पेलिकन पक्षीण भरलेली होती, जुन्या ख्रिस्ती कथेतली त्यागाची खूण. तिने मान खाली घालून चोचीने आपलीच छाती फोडायची, पिल्लांना रक्त पाजायचं आणि ‘का?’ म्हणून कधी विचारायचं नाही, असा नियम होता. दर सणाला सिस्टर फिलोमिना लाल दोऱ्याने तिची जखम पुन्हा ताजी करीत.

त्या वर्षी सुई टोचताच पक्षीण ताठ झाली. “आता पुरे!”

कपाटातला चांदीचा कप खेकसला, “पोरी, तुझ्या त्यागावर शाळेची अब्रू उभी आहे!”

“आधीच्या झेंड्यावरच्या पक्षिणीने कधी हूं की चूं केलं नाही,” शाळेची म्हातारी घंटा म्हणाली.

“घंटाआजी, सुया खाऊन खाऊन तिची चाळण झाली. मग लोक तिचंच फडकं करून या कपाला पुसत बसले. माझ्या चोचीखाली एवढी मोठी पिशवी आहे, ती मासे धरायला. पिल्लांना मी मासे भरवीन, पोहायला शिकवीन. रक्त देणार नाही.”

तिने मान वर केली, तशी सुई कडकन मोडली.