भुरीचं पिल्लू आणि पाण्याचं पिंप

एक होतं घर. घराला होती चाकं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!
कारण घर म्हणजे एक जुनी गाडी.
पुढं बसत बाबा. बाबा गाडी चालवत.
मागं बसत आई आणि यमी. आणि तान्हं बाळ. बाळाची झोळी वर दांडीला बांधलेली.
बाबा जत्रेत पाळणा लावत. आज या गावी, उद्या त्या गावी. म्हणून घर सारखं चाले.
खडखड खडखड. खडखड खडखड.

गाडीत सगळं बांधून ठेवलेलं. डबे बांधलेले. चूल बांधलेली. पाण्याचं मोठं पिंपसुद्धा बांधलेलं.

त्याच गाडीत राहायची भुरी उंदरी. ती एवढीशी. तिला पिल्लं झाली चार. तीन पिल्लं उन्हाळ्यात गेली. उरलं एक. ते तर अगदीच एवढंस्सं.

एक दिवस गाडी घाटात होती. इकडं डोंगर. तिकडं दरी. आलं मोठं वळण.
पिंपाची दोरी जुनी होती. तट्! दोरी तुटली.
घर्रर्र! पिंप सरकलं. कोपऱ्यात गेलं.
कोपऱ्यात होतं भुरीचं पिल्लू. त्याची शेपटी पिंपाखाली सापडली.
"चिंऽऽऽ! चिंऽऽऽ!" पिल्लू ओरडलं.

भुरी धावली. तिनं पिंप ढकललं. पिंप हललं नाही.
भुरी म्हणाली, "पिंपदादा, पिंपदादा, सरक ना! माझं पिल्लू सुटेना!"
पिंप म्हणालं, "मी जड. पोटभर पाणी. मी कसं सरकू? आई ढकलेल तर सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु, भुरी आईकडं गेली.
"आई, आई, ऊठ ना!
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
आईच्या मांडीत पिठाचा डबा. आई म्हणाली, "अगं बाई! पण गाडी चालू असताना उठायचं नाही. मी पडेन. झोळीवर आदळेन. मी कशी उठू? गाडी थांबेल तर उठेन."
"चिंऽऽ! चिंऽऽ!" पिल्लू ओरडलं.

तुरुतुरु तुरुतुरु, भुरी फळीच्या भोकातून खाली वाकली.
"गाडीबाई, गाडीबाई, थांब ना!
आई उठेना,
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
गाडी म्हणाली, "खडखड खडखड. हा उतार बघ. मी कशी थांबू? बाबा ब्रेक दाबतील तर थांबेन."

तुरुतुरु तुरुतुरु, भुरी पुढं बाबांकडं गेली.
"बाबा, बाबा, ब्रेक दाबा ना!
गाडी थांबेना,
आई उठेना,
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
बाबा समोर बघत होते. रस्ता सोडून कुठंच बघत नव्हते. बाबा म्हणाले, "घाटात उगाच थांबत नाहीत, भुरे. मागून गाड्या येतात. मी कसा ब्रेक दाबू? यमी माझ्या पाठीमागचा पत्रा ठोकेल तर जागा बघून दाबेन."
"चिंऽ!" पिल्लू ओरडलं. आता एकदाच ओरडलं.

तुरुतुरु तुरुतुरु, भुरी यमीकडं गेली.
"यमीताई, यमीताई, पत्रा ठोक ना!
बाबा दाबेनात,
गाडी थांबेना,
आई उठेना,
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
यमीचे डोळे भरले. तिला पिल्लू दिसत होतं. पण यमी म्हणाली, "बाळ रडलं तरच ठोकायचं. उगाच ठोकलं तर बाबा रागावतात. मग खरंच बाळ रडलं तरी थांबणार नाहीत. मी कशी ठोकू? बाळ रडेल तर ठोकेन."

तुरुतुरु तुरुतुरु, भुरी झोळीवर चढली.
"बाळा, बाळा, रड ना!
यमी ठोकेना,
बाबा दाबेनात,
गाडी थांबेना,
आई उठेना,
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
बाळ झोपेतच बोललं, "ऊं... मी गाऽऽर झोपलोय. मी कसा रडू? कुणी चावेल तर रडेन."
भुरीनं तोंड उघडलं. मग मिटलं. "माझे दात मोठे. बाळाला रक्त येईल. मी नाही चावायची."
"चिं..." पिल्लू ओरडलं. अगदी हळू. कुणाला ऐकूच आलं नाही. फक्त भुरीला आलं.

झोळीच्या दोरीवर होती एक मुंगी. एकटीच. काळी, बारकी.
भुरी म्हणाली,
"मुंगीमावशी, मुंगीमावशी, चाव ना!
बाळ रडेना,
यमी ठोकेना,
बाबा दाबेनात,
गाडी थांबेना,
आई उठेना,
पिंप सरकेना,
पिल्लू सुटेना!"
मुंगी थांबली. मुंगीनं विचारलं, "पिल्लू ओरडतंय का?"
भुरीनं कान टवकारले. खडखड खडखड. फक्त गाडी वाजत होती.
भुरी म्हणाली, "मघाशी ओरडत होतं. आता नाही."
मुंगी म्हणाली, "माझीपण अंडी होती. फळीच्या फटीत ठेवली होती. परवा पिंपातलं पाणी सांडलं. सगळी वाहून गेली. मी त्यांच्यामागं पळाले. पोचले नाही."
मुंगीनं 'कशी चावू' म्हटलं नाही. 'अमकं होईल तर चावेन' म्हटलं नाही.
मुंगी म्हणाली, "चल लवकर."

सर सर सर, मुंगी झोळीत उतरली.
कुट्ट! मुंगी बाळाच्या अंगठ्याला चावली.
"ट्यांऽहां! ट्यांऽहां!" बाळ रडलं.
ठक ठक ठक! यमीनं पत्रा ठोकला. जोरात ठोकला. "बाबा! बाळ रडलं!"
बाबांनी जागा बघितली. ब्रेक दाबला.
घचाक्! गाडी थांबली. बाबा खाली उतरले. चाकाला दगड लावला.
आई उठली. पदर खोचला. "यमे, बाळाकडं बघ!" आणि आईनं पिंप ढकललं.
हं! सरकलं नाही. हंऽ! सरकलं नाही.
बाबा आले. दोघांनी मिळून ढकललं.
हंऽऽऽ! घर्रर्र! पिंप सरकलं.

आणि पिल्लू सुटलं.

पिल्लू सुटलं, पण शेपटी सुटली नाही. शेपटी तुटली. ती तिथंच चिकटून राहिली.
पिल्लू हलेना. पिल्लू ओरडेना.
भुरीनं त्याला चाटलं. डोकं चाटलं. पोट चाटलं. पुन्हा डोकं चाटलं.
यमी म्हणाली, "आई, मेलं का गं?"
आईनं बोट पाण्यात बुडवलं. एक थेंब पिल्लाच्या तोंडावर सोडला. टप्.
सगळे बघत राहिले. बाळसुद्धा गप्प झालं.
आईनं दुसरा थेंब सोडला. टप्.

"चिं."

"जगलं गं बाई!" आई म्हणाली. "जिवावर आलेलं शेपटीवर निभावलं."

बाबांनी नवी दोरी आणली. पिंपाला दोन वेढे दिले. गाठ मारली. ओढून बघितली. "चूक माझी होती," बाबा म्हणाले. "निघायच्या आधी दोरी बघायला हवी होती."
यमीनं एक रिकामा डबा घेतला. त्यात चिंधी घातली. डबा उंच फळीवर ठेवला आणि बांधून टाकला. "भुरे, हे तुझं. इथं पिंप येत नाही."
आईनं भाकरीचा तुकडा दिला. मोठा दिला.

भुरीनं पिल्लाला कुशीत घेतलं. पिल्लू सारखं मागं वळून बघत होतं. शेपटी शोधत होतं. भुरीनं त्याला जवळ ओढलं.
सर सर सर, मुंगी वर आली.
भुरीनं भाकरी पुढं केली. "खा, मावशी."
मुंगीनं भाकरी खाल्ली नाही.
मुंगी म्हणाली, "मी जरा याच्याजवळ बसू?"
"बस की," भुरी म्हणाली.
मुंगी बसली. पिल्लाच्या अगदी जवळ बसली. पिल्लू झोपलं तरी बसली.

बाबांनी चाकाचा दगड काढला. गाडी निघाली.
खडखड खडखड. खडखड खडखड.
गाडी गेली पुढं, गोष्ट उतरली इथं.