निशाणाची घोडी उलटी चालली

एका गावात हैबती नावाचा एक तरुण होता. त्याचं कुणाशीच पटत नसे, आणि घरच्या घोडीशी तर मुळीच नाही.

गावची रीत अशी होती: दसऱ्याला देवाचं निशाण हैबतीच्या घरच्या घोडीवरून शिवेपर्यंत जायचं. स्वारानं वाटेत उतरायचं नाही. दुसऱ्या कुणी घोडीला हात लावायचा नाही. स्वार उतरला, की मान शेजारच्या जगदाळ्यांकडे जायचा, तो कायमचा.

आजवर निशाण थोरला भाऊ दौलती नेत असे. गेल्या साली तो तापानं वारला. आता पाळी हैबतीची आली. “दादाचा मान माझ्या हातून जाणार नाही,” असं तो सगळ्यांना सांगत फिरे, न विचारणाऱ्यांनाही.

दसऱ्याला आठ दिवस उरले, तेव्हा तो घोडीवर बसला. पडायची भीती म्हणून त्यानं लगाम छातीशी ओढून धरला, आणि ती भीती कुणाला दिसू नये म्हणून जोरात टाच मारली. टाच म्हणाली, चल. लगाम म्हणाला, थांब. घोडी गुणाची. तिनं दोघांचंही मन राखलं आणि उलटी चालू लागली. चालत चालत तिची शेपटी कुंभाराच्या दारात शिरली.

कुंभार म्हणाला, “हैबती, गिऱ्हाईक तोंडाकडून येतं रे!”

दौलतीची बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, “भावोजी, आधी लगाम सैल करा. मग टाच लावा. दोन्ही एकदम नको.”

“दादाची घोडी आहे. मला शिकवू नका!” हैबती ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यानं चाबूक आणला. घोडी आता अधिक वेगानं उलटी चालू लागली.

दसरा उजाडला. एका हातात निशाण, एका हातात लगाम घेऊन हैबतीनं टाच मारली. घोडी मागं सरली. मागचे वाजंत्रीवाले मागं सरले. त्यांच्यामागं अख्खं गाव सरलं. शिवेकडे निघालेली मिरवणूक पुन्हा देवळात शिरू लागली.

जगदाळे नवा फेटा बांधूनच आले होते. “उतर बाबा,” ते मायेनं म्हणाले. “देवाला चक्कर येईल.”

पोरं हसली. हैबतीचा हात कमरेला खोचलेल्या चाबकाकडे गेला. समोर घोडीचे कान भीतीनं मागं पडलेले त्याला दिसले. दौलतीच्या हाताखाली ते कान कधी असे पडले नव्हते. हैबतीनं हात आवरला. त्यानं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि साऱ्या गावादेखत विचारलं, “वहिनी, काय करू?”

“चाबूक टाका. ताठ बसा. लगाम सोडा थोडा.”

“सोडला तर ही पण जाईल!”

“नाही जायची, भावोजी. सोडून बघा.”

हैबतीनं डोळे मिटले आणि मूठ सैल केली. घोडी गेली नाही. ती उभी राहिली आणि तिनं मान खाली करून लांब श्वास सोडला. त्यानंही सोडला. मग त्यानं पोटरी हलकेच टेकवली.

घोडीनं एक पाऊल पुढं टाकलं.

“झालं! आता पाय गप्प ठेवा,” वहिनी म्हणाली. “ऐकलंय तिनं.”

त्यानं पाय गप्प ठेवले. घोडी चालत राहिली. निशाण शिवेवर पोचलं आणि जगदाळ्यांनीच सगळ्यांत आधी देवाचा जयजयकार केला. फेटा बांधलाच होता, त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा होता.

शिवेवर उतरल्यावर हैबती म्हणाला, “वहिनी, दादाला हे कुणी शिकवलं होतं?”

“घोडीनंच,” वहिनी म्हणाली. “तीनदा शेणात पाडून.”

हैबती हसला. वर्षभरात पहिल्यांदाच. आणि हसता हसता घोडीच्या मानेत तोंड खुपसून मोठ्यानं रडला. घोडी हलली नाही.

तात्पर्य: एका हातानं ओढून दुसऱ्यानं ढकलू नये. आधी मूठ सैल करावी, हवं ते एकदाच आणि हळू सांगावं, आणि ऐकलं गेलं की आपण गप्प बसावं.