सुज्ञांचं पान

कोरेगड संस्थानात तळ्याला बांध घालायचं ठरलं. पाया किती रुंद घ्यायचा, ते गणित दरबारच्या अच्युतशास्त्र्यांकडे सोपवलं. शास्त्रीबुवांची विद्या मोठी, पण ती सोपी करून सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या मांडल्या आणि खाली ऐटीत लिहिलं, "पुढील रीत सोपी आहे. सुज्ञांस सांगणे न लगे."

गवंड्यांनी पुढचं अंदाजानं धरलं. पहिल्याच पाण्याला निम्मा बांध खचला आणि खालच्या वाडीतली माणसं-गुरं कशीबशी वाचली.

"गणित चोख होतं," शास्त्रीबुवा दरबारात म्हणाले. "वाचणारेच अडाणी, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी राणी यमुनाक्कांनी शास्त्रीबुवांना जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, उदबत्ती, सगळं यथासांग होतं. आचाऱ्यानं केळीच्या पानावर डाव्या हाताला मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली आणि तो आत गेला तो परत आलाच नाही.

आतून साखरभाताचा घमघमाट सुटला होता. पानाकडे बघून बघून शास्त्रीबुवा कंटाळले. शेवटी न राहवून म्हणाले, "राणीसाहेब, वाढप थांबलं वाटतं?"

"थांबलं कुठं? झालं की!" यमुनाक्का शांतपणे म्हणाल्या. "मीठ-लिंबू वाढलंय. पुढचं पान सोपं आहे, शास्त्रीबुवा. सुज्ञांस वाढणे न लगे."

शास्त्रीबुवांनी मुकाट्यानं आधी दौत-लेखणी मागवली. भात मागाहून.