खोली वगळून

सांगलीत श्रीरंग नेर्लेकर गाणी बसवायचा आणि रेकॉर्डही करायचा. स्टुडिओ घरातच होता. पतपेढीचे चेअरमन नानासाहेब आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घ्यायला आले आणि दर ऐकून हसले. "मेहनतीचे घ्या की. घरच्याच खोलीचं कसलं आलंय भाडं?"

"बरं, खोली वगळू," श्रीरंग म्हणाला आणि त्याने आजींना बाहेर पायरीवर बसवून गायला लावलं.

रेकॉर्डिंग ऐकताना नानासाहेबांचा चेहरा उतरला. ओव्यांपेक्षा भंगारवाल्याची हाक आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू येत होत्या. "हे काय केलंत?"

"ओव्या आहेत, माझी मेहनत आहे. फक्त खोली नाही."

नानासाहेबांनी हात जोडले. "सोमवारी आईला परत आणतो. भाडं पूर्ण देतो."

गल्लीभर श्रीरंगच्या त्या उत्तराचं कौतुक झालं. शनिवारी आजी गेल्या.

मग श्रीरंग आठवडाभर त्याच खोलीत, एक पैसा न घेता, ते रेकॉर्डिंग साफ करत बसला. शिट्ट्या गेल्या, भंगारवालाही गेला. ओव्या संपल्यावर आजींनी हळूच विचारलं होतं, "आत नाही का बसायचं, बाळा?"

तेवढं मात्र त्याला पुसता आलं नाही.