हिवराखालचं बीळ

त्या माळावर ससाणीच्या घरट्यापासून ज्याचं बीळ जितकं लांब, तितका त्या उंदराचा मान मोठा असे. सोयरीक जुळवतानाही आधी अंतर विचारत. सर्वांत मानाची बिळं पार ओढ्याकाठी होती. तिथे धामणही राहत असे; पण ती गुपचूप येई आणि तिची सावली आभाळातून पडत नसे, म्हणून तिचं नाव कोणी काढत नसे.

कुसळी ही ओढ्याकाठची सून. तिच्या दोन वेतांची पिलं धामणीने गिळली होती. पुन्हा पोट जड झालं तेव्हा ती एकटीच माळ तुडवत हिवराच्या झाडाखाली आली. वर घरट्यात ससाणीची पिलं ओरडत होती आणि खाली एक तितरीण निवांत अंडी उबवत होती.

"भीती नाही वाटत?" कुसळीने विचारलं.

"पिलं घरट्यात आहेत तोवर ही इथे शिकार करत नाही. दाराशी रक्त सांडलं की चोरांना वाट कळते. ती ओढ्याकडे जाते."

कुसळीने तिथेच बीळ खणलं. थोरली जाऊ बघायला आली, पण दूरच थांबली.

"अगं कुसळे, आता मांजराच्या मिशीला पाळणा बांध!"

"बांधीन, जाऊबाई. मांजर तिथे जेवत नसेल तर."

कुसळीला पाच पिलं झाली. त्यांचे डोळे उघडायच्या आत धामण माग काढत आली. बिळाच्या तोंडाशी तिची जीभ लवलवली. तेवढ्यात वरची पिलं ओरडली, तशी ती बीळ सोडून खोडावर चढू लागली. वरून काहीतरी सणाणत आलं. कुसळीने डोकं बाहेर काढलं तेव्हा धामण ससाणीच्या नखांत लोंबत होती.

"तुझ्यासाठी नाही हो मारली," बातमी ऐकून आलेली जाऊ दुरूनच म्हणाली. "जा, पड तिच्या पाया!"

"ठाऊक आहे. तरी पडेन. तिचं पोट भरलेलं असेल तेव्हा."

कुसळीची पिलं दाणे फोडू लागली, आणि एका सकाळी घरट्यातलं शेवटचं पिलू उडालं. तितरीण आपली पिलं घेऊन त्याच घटकेला निघाली. कुसळीही आपल्या पाचांना घेऊन निघाली. चौघं बोरीच्या जाळीत शिरली; पाचवं मात्र उघड्यावर उभं राहून वर बघत राहिलं. ससाणीने माळावर घिरटी घातली.

कुसळी धावत मागे आली. एका पंजाने तिने पिलाचं डोकं गवतात दाबलं आणि दुसरा नमस्कारासाठी कपाळाला लावला. सावली दोघांवरून पुढे सरकली. तिने दोन्ही पंजे तसेच ठेवले.