पाळण्यातली चिंधी

तुमच्या घरात आहे का हो असं कुणी, ज्यानं बरं चाललेलं घड्याळ नुसतं 'चालतं कसं' ते बघायला उघडलं?

असेल, तर सुश्रुत तुम्हाला लगेच ओळखू येईल.

टेकडीवरच्या सेवाश्रमाच्या दवाखान्यात एक छोटी रक्तपेढी होती. ती द्वारकाअक्का सांभाळत. सातवी पास, पांढरे केस, चाळीस वर्षांचा हात. सुश्रुत त्यांच्याकडे काम शिकायला आला होता. एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशावर निळ्या रेशमानं भरलेलं स्वतःचं नाव.

रक्तपेढीत एक यंत्र होतं. मोटारीवर झुलणारी स्टीलची फळी. तिच्यावर प्लेटलेट्सच्या पिशव्या ठेवायच्या. फळी रात्रंदिवस इकडून तिकडे कलत राहायची, कारण प्लेटलेट्स निपचित पडल्या की बिघडतात.

सगळे त्या यंत्राला पाळणा म्हणत. सुश्रुत म्हणे, रॉकर.

"अक्का, हा रॉकर चालतो कसा?"

"बरा चालतो."

"तसं नव्हे हो. आतून!"

अक्का काचपट्ट्या पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आज फळी रिकामी आहे. उघडायचा तर उघड. पण आतून जे जे निघेल, ते मला दाखव."

सुश्रुतनं बाह्या सरसावल्या.

"ही मोटार."

"हं."

"हा पट्टा."

"हं."

"आणि ही तबकडी! बघा, भोक मधोमध नाही, मुद्दाम कडेला पाडलंय. म्हणून दांडा वरखाली होतो आणि फळी झुलते. किती सोपं! तुम्ही चाळीस वर्षांत कधी उघडून पाहिलं नाहीत?"

"हं... आणि?"

"आणि काही नाही. बारा स्क्रू."

दुपारी तीनपर्यंत त्यानं सगळं परत बसवलं, वहीत आकृती काढली, आकृतीखाली सही केली. मग बटण दाबलं.

फळी झुलली.

खट्... खट्... खट्...

दर फेरीला फळीला असा हिसका बसे की वर ठेवलेली पेन्सिल उडून खाली पडली.

"सगळं जागच्या जागी आहे," सुश्रुत म्हणाला. "एक स्क्रूसुद्धा उरला नाही."

"आणि चिंधी?"

"कसली चिं... हां, ती! दांड्याला गुंडाळलेली होती. कळकट. कंपनीच्या आकृतीत ती नाहीच."

"कुठं आहे?"

"बंबात टाकली."

अक्कांनी खिडकीबाहेर पाहिलं. न्हाणीघराच्या धुराड्यातून छान धूर निघत होता.

तेवढ्यात कंपाउंडर वामनराव दोन्ही हातांत पिशवी धरून आले.

"चंपाबाईंची. नुकती तयार झाली. तपासण्यांचे निकाल सकाळी येतील, तोवर पाळण्यात घाला."

चंपाबाई म्हणजे आश्रमाच्या स्वयंपाकीणबाई. डेंग्यूनं आठवडाभर खाटेवर होत्या. त्यांच्या प्लेटलेट्स अकरा हजारांवर आल्या होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं. दुसरी रक्तपेढी दोन घाट ओलांडून, आणि तिथंही आज पिशवी नव्हती. चुलीपाशी सध्या वामनराव होते, त्यामुळे चंपाबाईंसाठी सगळा आश्रम अगदी मनापासून प्रार्थना करत होता.

खट्... खट्...

सुश्रुतनं घाईघाईनं बटण बंद केलं.

"अक्का... दुसरी चिंधी लावा ना."

"किती जाड?"

"ते तुम्हालाच माहीत!"

"मला? ती गुंडाळून वीस वर्षं झाली रे बाळा."

"मग तेव्हा कसं कळलं होतं?"

अक्का उठल्या. स्टीलचा ट्रे घेतला, त्याच्या चारही कोपऱ्यांना बँडेजच्या पट्ट्या बांधल्या, आणि तो छताच्या कडीला टांगला. त्यात पिशवी ठेवली. ट्रेला एक दोरी बांधली.

"खुर्चीत बस. चप्पल काढ."

दोरीचं दुसरं टोक त्यांनी सुश्रुतच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं.

"मिनिटाला किती झोके?" त्यानं विचारलं.

"झोपलेलं जागं होऊ नये, जागं असलेलं रडू नये, इतके."

"म्हणजे आकडा..."

"हलव."

पहिल्याच झोक्याला पिशवी टुणकन उडाली. अक्का खोकल्या.

त्यानं जोर कमी केला. मग तो झोक्याचं सूत्र आठवू लागला, आणि अंगठा थांबला. अक्का खोकल्या.

मग तो मोजू लागला. मोजता मोजता सतराचा पाढा सुरू झाला, आणि सतरा चोक अडुसष्टला त्याला चाल लागली.

वामनराव खिचडीची ताटली घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले.

"बाळ कुणावर गेलंय म्हणायचं, साहेब?"

"तुम्ही आधी खिचडीत मीठ घालायला शिका."

"घातलंय की. दोनदा!"

उजवा पाय बधिर झाला, दोरी डाव्या अंगठ्याला आली. डावा थकला, पुन्हा उजव्याला. ऊन भिंतीवरून छतापर्यंत चढलं. पाढा कधीतरी मागेच राहिला.

मग सुश्रुतच्या लक्षात आलं, बराच वेळ खोकला ऐकू आला नाही.

त्यानं वळून पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं. अक्का दिवाबत्तीला गेल्या होत्या... कधी गेल्या, कुणास ठाऊक.

अंगठा आपला हलत होता.

अक्का परत आल्या तेव्हा तो म्हणाला, "जरा दोरी धरता?"

त्यानं यंत्र पुन्हा उघडलं. गॉजची पट्टी गुंडाळून पाहिली, ती दोन झोक्यांत सुटली. कापूस पिचला. मग त्यानं स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. चांगलं जाड कापड होतं.

...

कात्री घेतली आणि खिसा कापला.

दोन पदर. खट्.

तीन पदर. खट्, पण हळू.

चार पदर. फळी हलेचना.

तीन कमी आणि चार जास्त! सुश्रुत डोळे मिटून बसला. दोरी नसलेला अंगठा तसाच हलवत राहिला. मग त्यानं तीन पदर घेतले, आणि वरचा पदर असा वळवला की रेशमाची भरलेली अक्षरं बरोबर दांड्याखाली आली.

बटण दाबलं.

फळी झुलली. आवाज नाही.

अक्कांनी ट्रेमधली पिशवी उचलून फळीवर निजवली. फळी आणि अंगठा, दोन्ही एका लयीत चालले होते.

"अक्का," सुश्रुत म्हणाला, "आता मात्र मला हे यंत्र पुरतं कळलं."

अक्कांनी दोरीची नीट गुंडाळी केली आणि त्याच्या कोटाच्या उरलेल्या खिशात घातली.

"ही जवळ असू दे. चिंध्या झिजतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल चांगले आले, आणि साडेनऊ वाजता चंपाबाईंना पिशवी चढली. सुश्रुत खाटेशेजारी उभा होता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता.