सामान बोलत नाही

“भीती जायला किती दिवस लागतात, चाचा?”

“कुणाची?”

“माझी.”

दस्तगीरचाचा पान्यानं मागचं टायर ठोकत होते. एक ठोका, मग थांबून ऐकणं... पुन्हा एक ठोका.

“मला वाटलं, गाडीची विचारतीस.”



दस्तगीरचाचांनी एक्केचाळीस वर्षं फक्त बिऱ्हाडं हलवली. ऊस नाही, वाळू नाही. अर्ध्या मिरजेची कपाटं, पाळणे, देव्हारे त्यांच्या गाडीतून गेलेले. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी स्टेअरिंग सोडलं. पण या लाइनीत कुणाच्या हातात गाडी द्यायची नि कुणाच्या नाही, हे अजून लोक त्यांनाच विचारतात.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर त्यांना गाडी चालवायची नव्हती. आणि आज बारा वाजता सोमण बाईंचं बिऱ्हाड भरायचं होतं. बाई गाणं शिकवायच्या, आता निपाणीला लेकीकडं कायमच्या निघाल्या होत्या. चार तंबोरे, काचेचं कपाट, बाकीचं सगळं घर.

बाबा एवढंच म्हणाले होते, “दस्तगीरभाई हो म्हणाले, तर चावी तुझी. नाही म्हणाले, तर दुसरा ड्रायव्हर बघतो. मग हा विषय घरात परत काढायचा नाही, हर्षला.”

मोठ्या गाडीचं लायसन्स मिळून मला चार महिने झाले होते. लेखी परीक्षेत एकही चूक नव्हती. हे मी चाचांना दोनदा सांगितलं होतं.

“वहीत काय लिहिलंयस?” त्यांनी विचारलं.

“निघण्याआधी बघायच्या गोष्टी. वाचू?”

“वाच की.”

मी वाचलं. हवा, ब्रेक, आरसे, दोरखंड. वळण मोठं घ्यायचं, कारण मागची चाकं आतून येतात. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. उतारावर न्यूट्रल करायचं नाही. मागं घेताना खाली उतरून बघायचं. गाडीची उंची दहा फूट आठ इंच.

“पाठ आहे?”

“सगळं.”

“अक्षरही चांगलं आहे.” त्यांनी पाना पुसून जागेवर ठेवला. “मग काल फांदी कशी लागली?”

...

काल आम्ही रिकामी गाडी घेऊन मंडईच्या मागून आलो होतो. कडुलिंबाची फांदी बॉडीच्या वरच्या कोपऱ्याला लागली आणि पत्रा वीतभर फाटला. चाचा शेजारीच बसले होते. 

“दिसली नाही मला,” मी म्हणाले. बाबांनाही मी हेच सांगितलं होतं.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. टायर ऐकत होते ना, तसेच.

“...दिसली होती.”

“मग?”

“मागं रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. सगळे बघत होते. मी दचकले आणि पाय ब्रेकऐवजी...”  कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातून चमचा पडतो. हे चाचांना कसं सांगायचं?

“बरं,” चाचा म्हणाले.

आणि गाडीच्या मागं जाऊन, गुडघ्यावर हात दाबत, आत चढले.

आम्ही गावाबाहेर, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात होतो, मागच्या फाटकानं आत आलेलो. पूर्वी इथं उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. आता एका कोपऱ्यात दूध जमा करण्याचं केंद्र आहे, बाकी सगळं मोकळं. शिकणाऱ्यांना बरं पडतं.

आत गोधड्यांची चवड होती, कपाटांना गुंडाळतात त्या. चाचा तिच्यावर मांडी घालून बसले.

“हे काय चाचा? पुढं या ना.”

“वजनकाट्याला वळसा घाल, कमानीतून बाहेर पड, फिरून परत ये. एकच फेरी. सावकाश.”

“आणि तुम्ही?”

“मी सामान.”

“चाचा!”

“काचेचं आहे. जपून ने.” त्यांनी मागच्या दाराची एक फळी बंद करायला सांगितली, एक वाऱ्याला उघडी ठेवली. “आणि मला काही विचारायचं नाही. सामान बोलत नाही.”

शेजारची सीट रिकामी असली की केबिन केवढी मोठी वाटते! मी आरसे बघितले. पुन्हा बघितले. पहिला गिअर टाकला.

वजनकाट्याचं वळण मी मोठं घेतलं. मागची चाकं दगडाला न लागता वळली. मागून धप्प असा आवाज येतो का, म्हणून मी कान देत होते. नाही आला.

मग कमान आली.

दगडी खांब, वर आडवा लोखंडी पाइप. बाजूच्या पाटीवर लिहिलेलं: उंची ११ फूट. माझी गाडी दहा फूट आठ इंच. चार इंच शिल्लक. गणित बरोबर होतं.

तरी माझा पाय ब्रेकवर गेला. हळूच. गाडी कमानीच्या अलीकडं उभी राहिली.

का थांबले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. खांब खाली बसल्यासारखे दिसत होते. पाइप जवळ वाटत होता.

मागं हॉर्न वाजला.

मी सीटवरून उडालेच. आरशात बघितलं, तर दुधाचा टेम्पो. त्याच्या मागं एक जीप. जीपनंही हॉर्न धरला.

“ओ ताई!” टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. पन्नाशीचा असेल, भरघोस मिशा. “कमान पाडायचा मुहूर्त बघताय का? चला की!”

“लायसन्स घरी राहिलं वाटतं!” जीपमधून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे.

माझे कान तापले. पाय ॲक्सिलरेटरवर होता. नुसता दाबायचा... चार इंच होते की.

“चाचा,” मी खिडकीतून मागं ओरडले, “जाईल का हो?”

...

“चाचा?”

आतून काही आवाज नाही.

मी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. सगळ्यांसमोर खाली उतरले.

“आता काय आरती करणार कमानीची?” टेम्पोवाला.

“काका,” मी म्हणाले. आवाज बारीक आला. “जरा मदत करता का? मला भीती वाटतेय.”

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो टेम्पोतून खाली उतरला.

कमानीजवळ वॉचमनच्या खोलीला एक लांब बांबू टेकवलेला होता. मी तो वॉचमनला विचारून आणला. केसांचं रबर काढलं. टेम्पोवाले काका बडबडत आपल्या टेम्पोच्या टपावर चढले, मी बांबू माझ्या गाडीला लावून सरळ धरला आणि गाडीच्या माथ्याशी जुळवून त्यांनी ते रबर बांबूवर अडकवलं.

“झालं? आता चला.”

आम्ही बांबू कमानीखाली नेला. पाइपाला लावून उभा केला.

रबर पाइपाच्या वर होतं. चार बोटं वर.

काकांनी वर बघितलं. मग पाटीकडं बघितलं. जीपमधली माणसंही उतरून आली.

“अहो, रस्ता दोनदा वर आलाय ना,” वॉचमन मागून म्हणाला. “खडी टाकली, डांबर टाकलं. पाटी जुनीच आहे.”

कुणी हसलं नाही.

“मागं घ्यावं लागेल,” मी म्हणाले. “तुम्हाला सगळ्यांना. आधी जीप, मग टेम्पो, मग मी.”

जीपवाला कुरकुरला. पण घेतली मागं. टेम्पोही गेला. मी मागं जाऊन जागा बघितली, चढले, थोडी गाडी घेतली, थांबले, पुन्हा उतरून बघितलं, पुन्हा चढले. काका आता आरशात दिसतील असे उभे राहून हात हलवत होते. “येऊ द्या... येऊ द्या... बास! ताई, उजवं चाक बघा. हां. आता येऊ द्या.”

हॉर्न एकही वाजला नाही.

वजनकाट्याजवळ गाडी परत आणून मी मागची फळी उघडली. चाचा गोधड्यांवर बसलेलेच होते. टोपी सरळ होती.

“आलो का फिरून?”

“नाही. कमानीतून गेलेच नाही मी.”

“का गं?”

“गाडी बसत नव्हती. चार बोटं कमी पडत होती. पाटीवर खोटं लिहिलंय.” मग माझ्या डोक्यात आलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला आतून काय दिसणार?”

मी त्यांना हात दिला. ते सावकाश खाली उतरले, गुडघे चोळले.

“कितीदा उतरलीस?”

“दोनदा. सगळ्यांसमोर. मला भीती वाटतेय असंही सांगितलं मी त्या टेम्पोवाल्यांना.” माझे डोळे भरून आले होते. “फेरी पुरी झाली नाही, चाचा. बाबांना काय सांगू?”

 चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. फाटलेल्या पत्र्याच्या कोपऱ्याखाली क्षणभर थांबले, वर बघितलं, पुढं गेले.

मग डाव्या बाजूचं दार उघडून केबिनमध्ये चढले.

मी ड्रायव्हरच्या बाजूला, खाली तशीच उभी. चावी माझ्या मुठीत ओली झाली होती.

“चाचा... सांगा ना. हो की नाही?”

त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, सीटवर मागं रेलले आणि रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला.

“सोमण बाईंचं घर आलं की उठव.”